मागी लोक किती होते?

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आमच्या संडे स्कूलमध्ये नाताळच्या नाटकाची पात्रं वाटायला बसलं की भांडण ठरलेलं. मरीया एक, योसेफ एक. मेंढपाळ कितीही चालतात, अंगावर चादर घेतली की झाला मेंढपाळ. पण सगळ्यांना व्हायचं असतं मागी, म्हणजे ताऱ्यामागून बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी लोक, कारण मागींना मुकुट मिळतो. गेल्या वर्षी भायखळ्याच्या आमच्या छोट्या मराठी चर्चमध्ये मागी व्हायला पाच मुलं अडून बसली होती आणि चमकी लावलेले मुकुट होते तीन. मी नेहमीचं उत्तर दिलं, "मागी तीनच असतात रे." तेवढ्यात मोबाइलवर बायबल उघडून बसलेली आठवीतली एक मुलगी म्हणाली, "टीचर, इथे तीन कुठे लिहिलंय?"

नव्हतंच लिहिलेलं. येशूचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं चार, त्यांतल्या मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वेकडून मागी आले एवढंच आहे. सोनं, ऊद आणि गंधरस अशा भेटी तीन, म्हणून आणणारेही तीन, हा हिशोब मागाहून कुणीतरी केला. कास्पर, मेल्किओर, बल्थासर ही नावं त्याहून कितीतरी नंतरची. ते राजे होते असंही मत्तय म्हणत नाही, म्हणजे मुकुटाचाच प्रश्न मिटला. शिवाय ते गोठ्यात आलेलेच नाहीत, ते 'घरात' गेले. गव्हाणीपाशी आले ते मेंढपाळ, आणि ती गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे. लूकच्या गोष्टीत मागी नाहीत, मत्तयाच्या गोष्टीत मेंढपाळ नाहीत. हेरोद राजाने तारा कधी दिसला हे मागींना विचारून घेतलं आणि त्या हिशोबाने दोन वर्षांच्या आतल्या मुलांना मारण्याचा हुकूम दिला. म्हणजे मागी पोचले तेव्हा बाळ कदाचित धरून धरून चालतही असेल.

गोठ्याचंही तसंच. लूक गव्हाणीचं नाव घेतो, गोठ्याचं घेत नाही. मराठी बायबलमध्ये 'उतारशाळेत जागा नव्हती' असं आहे, पण मूळ ग्रीक शब्द लूकनेच पुढे शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरला आहे. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत जखमी माणसाला खरोखरच्या धर्मशाळेत नेतात, तिथे लूकचा शब्द वेगळा आहे. म्हणून पुष्कळ अभ्यासक म्हणतात की नातेवाइकांच्या घरातली पाहुण्यांची खोली भरलेली होती आणि बाळाला घरातल्याच गव्हाणीत ठेवलं. त्या काळी त्या भागात रात्री जनावरं घरातच एका बाजूला बांधत. ज्यांनी कोकणातली जुनी घरं पाहिली आहेत त्यांना यात काही चमत्कारिक वाटणार नाही. बैल आणि गाढव तर यशयाच्या ग्रंथातल्या एका ओळीवरून चालत आले आणि बाळाच्या दोन बाजूंना कायमचे उभे राहिले.

वांद्र्यापासून वसईपर्यंत नाताळात दारोदारी सजतो तो देखावा, आणि येशूजन्माच्या जवळपास प्रत्येक चित्रपटात दिसतं ते दृश्य, असं दोन शुभवर्तमानं एकत्र शिवून, वर परंपरेचा जरीकाठ लावून तयार झालेलं आहे. त्यात लबाडी कुणाचीच नाही. मात्र ते बघत मोठी झालेली माझ्यासारखी बाई बायबलमध्ये नसलेला आकडा छातीठोकपणे सांगून मोकळी होते.

तेव्हापासून आमच्या वर्गात एक खेळ सुरू झाला. बायबलवरचा कुठलाही चित्रपट, मालिका किंवा कार्टून बघायचं, बायबल उघडं ठेवायचं, आणि प्रत्येक प्रसंगापुढे वहीत तीनपैकी एक शब्द लिहायचा: आहे, असेल, नाही. ग्रंथात असेल तर 'आहे'. ग्रंथ गप्प आहे पण त्याला धक्का लागत नाही, तर 'असेल'. ग्रंथ सरळ वेगळं सांगत असेल तर 'नाही'. मला वाटलं होतं, 'नाही' शोधण्यातच मुलांना मजा येईल. प्रत्यक्षात वही 'असेल'नेच भरली.

असं का होतं, ते कळायला बायबलची सांगण्याची पद्धत बघावी लागते. बायबलमधल्या गोष्टी फार कमी शब्दांत सांगितलेल्या आहेत. पात्रं दिसायला कशी होती, खोलीत काय होतं, मनात काय चाललं होतं, यातलं जवळजवळ काही सांगत नाहीत. निर्गम या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात फारोची मुलगी नदीतून काढलेल्या मुलाचं नाव मोशे ठेवते, आणि लगेच पुढच्या वचनात मोशे मोठा झालेला आहे, एका मिसरी माणसाच्या माराखाली सापडलेल्या आपल्या भाऊबंदाला बघतो आहे. मधली वर्षं गायब. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात स्तेफन म्हणतो की मोशे तेव्हा चाळीस वर्षांचा होता. म्हणजे दोन वचनांमधल्या रिकाम्या जागेत चाळीस वर्षं मावलेली आहेत.

लिहिणाऱ्याला असं गप्प राहता येतं, कॅमेऱ्याला ते जमत नाही. मोशे दाखवायचा तर त्याला चेहरा लागतो, कपडे लागतात, राजवाड्यात तो कुणाशी बोलायचा ते लागतं. १९५६च्या 'द टेन कमांडमेंट्स'मध्ये सेसिल डीमिल यांनी ती चाळीस वर्षं भरून काढताना मोशेला सेनापती केलं आणि राजकन्येशी त्याचं प्रेमही जुळवलं. त्या प्रेमाचा ग्रंथात मागमूस नाही. फारोचं नाव रामसेस होतं असं निर्गमात कुठेही म्हटलेलं नाही, तिथे तो नुसता 'फारो' आहे. रामसेस हे नाव येतं ते गुलामांनी बांधलेल्या एका नगराचं. चित्रपटाने मात्र राजाला ते नाव असं चिकटवलं की आता परीक्षेत मुलं तेच लिहितात. तांबडा समुद्र दुभंगतो तो पडद्यावर मिनिटभरात. ग्रंथात रात्रभर पूर्वेचा जोराचा वारा सुटला होता.

डीमिल यांच्या चित्रपटाच्या सुरुवातीला येणारी श्रेयनामावली मला फार आवडते. पवित्र शास्त्राबरोबरच त्यात फिलो आणि जोसिफस या पहिल्या शतकातल्या ज्यू लेखकांची नावं आहेत, ज्यू धर्मगुरूंच्या मिद्राश या कथाभांडाराचं नाव आहे, आणि चक्क तीन कादंबऱ्यांचीही. म्हणजे आपण कुठून काय उचललं ते सांगून टाकलं होतं, बघणाऱ्यांनी वाचलं नाही. आपल्याकडे १९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं तेव्हाही सुरुवातीला वाल्मीकी, तुलसीदासांपासून एकनाथांच्या भावार्थ रामायणापर्यंत ग्रंथांची यादी यायची. तेवढ्यात घरातली मंडळी पाण्याचा तांब्या घेऊन जागा पकडत असत, यादी कोण वाचतो? वाल्मीकी रामायणात लक्ष्मणरेषा नाही हे सांगितलं की आजही माणसं चिडतात.

खरं तर मूळ गोष्ट घेऊन ती फुलवणं आपल्याला नवं नाही. कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा श्लोक एकच असतो आणि प्रसंग तासभर चालतो. बायबलच्या बाबतीतही हे मराठीत घडलेलं आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने ओव्यांमध्ये रचलेलं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापून निघालं. आणि मुंबईतल्या बेने इस्राएल समाजाने, म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू मंडळींनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस योसेफ, मोशे यांच्या कथांवर चक्क मराठी कीर्तनं उभी केली. त्या कीर्तनात कुणी उठून "बुवा, हे कितव्या अध्यायात?" असं विचारत नसणार. बुवा समोर उभे असतात, ते सांगत आहेत आणि आपण ऐकतो आहोत हे दिसत असतं. पडद्यावर सांगणारा दिसत नाही. नुसती घटना घडताना दिसते, आणि डोळ्यांनी पाहिलेलं खरं वाटतं.

ही ताकद दादासाहेब फाळक्यांनी फार लवकर ओळखली होती. १९१०-११च्या सुमारास गिरगावातल्या तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, आणि तो डोळ्यांपुढून सरकत असताना आपल्याला राम-कृष्ण, गोकुळ-अयोध्या दिसत होतं असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. १९१३ला गिरगावातच 'राजा हरिश्चंद्र' लागला. आपल्या चित्रपटसृष्टीची वात अशी एका बायबलपटाने लावली आहे, ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते, विषय असो वा नसो.

आता कुणी म्हणेल, भर घालूच नका, जे लिहिलंय तेवढंच दाखवा. तेही करून झालं आहे. १९९३ साली मत्तयाच्या शुभवर्तमानावर असा चित्रपट निघाला की त्यातला शब्दन् शब्द एका इंग्रजी भाषांतरातला आहे, पदरचं एक वाक्य नाही. पण त्यातला येशू सारखा हसतो. मोठ्याने, मनापासून, शिष्यांना मिठ्या मारत. येशू हसला असं मत्तय कुठेच लिहीत नाही. हसला नाही असंही लिहीत नाही. त्याआधी १९६४ साली पासोलिनी या इटालियन दिग्दर्शकाने त्याच मत्तयावरून चित्रपट केला होता, संवाद तिथलेच. त्याचा येशू झपाझप चालतो, वळून मागे बघत बोलतो, कायम संतापलेला. पासोलिनी स्वतः मार्क्सवादी आणि नास्तिक, आणि तरी ग्रंथाशी शब्दाने इतका इमानी चित्रपट क्वचितच निघाला असेल. शब्द तेच असून दोन येशू इतके वेगळे की भाऊसुद्धा वाटणार नाहीत. "तुम्हा ढोंग्यांना धिक्कार असो" हे वाक्य रडत म्हणता येतं, ओरडत म्हणता येतं. कागदावर ते दोन्ही आहे, नटाला एक निवडावं लागतं. आमच्या वहीत अशा ठिकाणी 'आहे' लिहून शेजारी प्रश्नचिन्ह काढायची पद्धत पडली.

चेहऱ्याचंही तेच. येशू उंच होता की बुटका, गोरा की सावळा, दाढी होती की नव्हती, याबद्दल चारही शुभवर्तमानं गप्प आहेत. आपल्या कॅलेंडरवरचा निळ्या डोळ्यांचा येशू युरोप-अमेरिकेतल्या चित्रकारांकडून आला. मला आठवतो तो तेलुगू चित्रपटातला येशू. 'करुणामयुडु', १९७८. हिंदीत 'दया सागर' नावाने आला आणि पडदा लावून गावोगाव दाखवला गेला. गालील प्रांतातल्या पहिल्या शतकातल्या सुताराशी आंध्रच्या नटाचा चेहरा कमी जुळतो की हॉलिवूडच्या नटाचा, हे ठरवायला बायबलमध्ये काहीच साधन नाही.

एक गोची सगळ्याच येशूपटांची आहे. शुभवर्तमानं चार. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर तीन तासांची उपासना असते. ते सात उद्गार एका जागी कुठेच नाहीत. "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" हा मत्तय आणि मार्क यांच्याकडचा एकमेव उद्गार. क्षमेचा, चोराला सुखलोकाचं वचन देणारा आणि "तुझ्या हाती माझा आत्मा" हे तीन लूकचे. आईला मुलगा दाखवणारा, तहानेचा आणि "पूर्ण झाले आहे" हे तीन योहानाचे. मार्कचा येशू एकटा पडून आर्त हाक मारत जातो, योहानाचा काम पुरं करून शांतपणे मान टेकवतो. चित्रपट सातही उद्गार एकाच नटाच्या तोंडी घालतो, आणि तयार होतं पाचवं शुभवर्तमान, जे कुणीच लिहिलेलं नाही. प्रत्येक वाक्यापुढे 'आहे' लिहावं लागतं, तरी पूर्ण प्रसंग कुठल्याच पानावर सापडत नाही. १९७९च्या 'जीझस' चित्रपटाने यातून साधी वाट काढली: एकटा लूक धरून चालायचं. मराठीसह दोन हजारांवर भाषांत तो बोलता झाला आहे, आणि खेड्यापाड्यातल्या कित्येकांनी पाहिलेला पहिला येशूपट तोच.

'नाही'ची उदाहरणं मुलांना जास्त आवडतात, म्हणून दोन सांगते, त्यातलं पहिलं खरं तर 'असेल'च्या काठावरचं. एदेन बागेतलं फळ सफरचंद होतं असं कुठेही लिहिलेलं नाही. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकात नुसतं 'फळ' आहे. ज्यू परंपरेत ते द्राक्ष होतं, अंजीर होतं, अगदी गहू होता, असेही वाद झाले. सफरचंद युरोपात रुजलं, बहुधा लॅटिनमध्ये 'वाईट' आणि 'सफरचंद' हे शब्द जवळजवळ सारखे असल्यामुळे. दुसरं नोहाचं तारू. कार्टूनमध्ये ते आंघोळीच्या टबएवढं असतं आणि छपरातून जिराफाच्या माना बाहेर. ग्रंथातली मापं तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. हात म्हणजे साधारण दीड फूट धरला तर लांबी बारा डब्यांच्या लोकलच्या निम्म्याहून थोडी जास्त होते. आणि शुद्ध प्राण्यांच्या जोड्या एकेक नव्हे, सात-सात घ्यायला सांगितलेल्या आहेत. सगळ्यात गंमत म्हणजे जलप्रलय सुरू होऊन संपेपर्यंत नोहा एक शब्द बोलत नाही. त्याचं पहिलं वाक्य नवव्या अध्यायात येतं, तेही शाप देणारं. २०१४च्या 'नोहा' चित्रपटात तो माणसाचा वंशच संपायला हवा असं ठरवून बसतो आणि जहाजावर जन्मलेल्या नातींवर सुरी उगारतो. ग्रंथात त्याची तिन्ही मुलं आपापल्या बायकांना घेऊन तारवात चढली होती, वंश पुढे चालवायची सोय देवानेच केली होती. इथे पोरांनी 'नाही' इतकं दाबून लिहिलं की पान फाटलं.

पण गंमतीच्या चुका निराळ्या आणि कुणाच्या तरी माथी बसणाऱ्या चुका निराळ्या. मग्दालीया मरीयेचं बघा. लूक म्हणतो तिच्यातून सात भुतं निघाली होती, आणि येशूच्या मागे फिरून स्वतःच्या पैशाने त्या मंडळींची सोय बघणाऱ्या बायकांमध्ये ती होती. पुनरुत्थित येशूला पहिल्यांदा तिने पाहिलं असं योहान सांगतो. ती वेश्या होती असं चारांपैकी एकही म्हणत नाही. पोप पहिले ग्रेगरी यांनी ५९१ साली एका प्रवचनात तीन वेगळ्या बायका एकत्र केल्या: ही, बेथानीची मरीया आणि लूकच्या सातव्या अध्यायातली पापी स्त्री. कॅथलिक चर्चने १९६९ साली आपल्या पंचांगात ती गाठ सोडवली. पडद्याने सोडवली नाही. २००४च्या 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट'मध्ये तर ती योहानाच्या आठव्या अध्यायातली दगडांनी मारायला आणलेली व्यभिचारी स्त्री झाली आहे. चौदा शतकं एका बाईच्या चारित्र्यावर चिखल, आणि मुळात पुरावा शून्य. याच्यापुढे 'असेल' लिहायला माझा हात धजत नाही.

त्याच चित्रपटात येशूला चाबकाचे फटके बसतात ते मिनिटांमागून मिनिटं. योहानाकडे हे एका वाक्यात आहे: पिलाताने त्याला फटके मारवले. पुढे वेरोनिका येशूचा चेहरा पुसते, तो पुन्हापुन्हा पडतो. हे बायबलमध्ये नाही. हे 'क्रूसाची वाट' या उपासनेतलं आहे, जी वसई-वांद्र्याचे कॅथलिक शेजारी दर उपवासकाळात चालतात. त्यांना ते खटकत नाही, आम्हा प्रोटेस्टंटांना खटकतं. ती दोन घरांच्या परंपरेतली गोष्ट झाली, तिच्यावरून भांडायला मला आवडत नाही.

मला खटकतो तो येशूला वधस्तंभावर द्या म्हणून ओरडणारा ज्यूंचा जमाव. "त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो" हे मत्तयात आहेच. त्या एका वाक्याच्या जोरावर युरोपात शेकडो वर्षं ज्यूंचा छळ झाला, आणि १९६५ साली व्हॅटिकनला स्पष्ट सांगावं लागलं की येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंवर टाकता येणार नाही. चित्रपटात हे वाक्य अरामी भाषेत ऐकू येतं, टीका झाल्यावर खालचं भाषांतर काढून टाकलं. पण लूकमध्ये वधस्तंभाच्या वाटेवर लोकांचा मोठा समुदाय मागून चाललेला आहे, बायका ऊर बडवत आहेत. तेही ज्यूच. येशू ज्यू, मरीया ज्यू, पेत्र ज्यू. ओरडणारे ज्यू दाखवले आणि रडणारे वगळले, तर प्रत्येक चौकटीपुढे 'आहे' लिहूनही एकूण गोष्ट उलटी झालेली असते. आमच्या चर्चपासून मशीद बंदरकडचं १७९६ सालचं बेने इस्राएल सिनेगॉग फार लांब नाही. तिथली मंडळी आपल्यासारखीच मराठी बोलतात, मलिद्याच्या ताटापुढे एलिया संदेष्ट्याचं नाव घेतात. त्यांच्यातलं एखादं पोर माझ्या वर्गात बसून हा प्रसंग बघत असेल तर, असं मनात आणून मी आता चित्रपट निवडते.

अलीकडे 'द चोझन' मालिकेने मुलांना वेड लावलंय. पेत्रावर कर्ज आहे, जकातदार मत्तय आकड्यांत रमणारा, लोकांत बुजणारा, पुन्हापुन्हा मोजणारा आहे. यातलं काही ग्रंथात नाही आणि ग्रंथ त्याला अडवतही नाही. वहीत सगळं 'असेल'. एका मुलाने विचारलं, "टीचर, मत्तय असा होता हे खोटं असलं तरी मला तो आवडतो, चालेल का?" मी म्हटलं, आवडू दे, फक्त परीक्षेत लिहू नकोस.

नाटकाचं शेवटी असं झालं. पाचही मुलं मागी झाली. मुकुट काढून टाकले, फेटे बांधले, तेवढीच शिलाई वाचली. भेटी तीनच, म्हणून उरलेल्या दोघांपैकी एकाच्या हातात कंदील दिला आणि दुसऱ्याने काठीला लावलेला तारा धरला. गोठ्याच्या जागी घर उभारायचं माझ्या मनात होतं, पण पुठ्ठ्याचा गोठा आदल्या वर्षीचा चांगला होता आणि समितीने नवा खर्च मंजूर केला नाही. कार्यक्रमानंतर चहा घेताना पहिल्या रांगेतल्या एक आजी जवळ आल्या. म्हणाल्या, "छान झालं गं नाटक. ते तीन मागी तर फारच गोड. पण त्यांच्याबरोबर ते दोन नोकर कशाला घेतलेस?"